गळा माझा, शिकवण त्यांची

जव्हारहून आम्ही निघालो त्या दिवशी मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तोंडाने कुणाचाच निरोप घेतला नाही. घेता येतच नव्हता. सकाळी बैलगाडी शाळेच्या फाटकाशी लागली, आणि ज्या माणसाचं गाणं ऐकायला दसऱ्याला सगळं गाव राजवाड्यापुढे खोळंबून राहायचं, तो माणूस एकेकाचे हात हातात घेऊन नुसती मान हलवत होता. हेडमास्तरांचे डोळे भरून आले. शाळेचा शिपाई तर तोंड फिरवून उभा राहिला. मी रडले नाही. नागलीच्या पिठाचं गाठोडं कुठे ठेवायचं, पेटीला दणके बसणार नाहीत ना, या काळजीत मला रडायला सवड नव्हती. पेटी म्हणजे बाजाची पेटी. मास्तरांची तेवढीच इस्टेट.

माझी आयस, म्हणजे आई, आदल्या दिवशी दाभोशाहून चालत आली होती. ती शिरपामाळापर्यंत गाडीमागे चालली. तिथे थांबली आणि म्हणाली, "पोरी, तिकडचा पानी आधी चाखून बघ. पान्यानं आपला मानला तं मानसाही मानतील." मग ती वळली आणि आली तशी चालू लागली. आमची गाडी कासामार्गे डहाणूच्या स्टेशनाकडे निघाली. मी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. बडोदं कोणत्या दिशेला आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही जे जव्हार-मोखाड्यात राहिलात, आणि जे माझ्यासारखे कुणी गोदीत, कुणी गिरणीत, कुणी कुणाच्या वाडीवर पोटासाठी पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्यातला एक माणूस विद्यापीठात संगीतशिक्षणाचा प्राध्यापक झाला, एवढं तुमच्या कानावर असेल. तो कसा झाला हे सांगणारी मी एकटीच उरले आहे. माझं मराठी शाळेतलं नाही. अक्षरं मला लग्नानंतर मास्तरांनीच शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून. चुकलं तर सांभाळून घ्या.

मास्तर मूळचे पोशेऱ्याचे. घरी डोंगरउतारावर नागली, वरई आणि खाली ओहोळाकाठी थोडं भात. नाव धर्मा. गुरं राखताना त्यांचा आवाज पलीकडच्या टेकडीवरच्या माणसांना ऐकू जायचा, असं माझी सासू सांगे. संस्थानच्या शाळेत ते शिकायला आले ते त्या आवाजामुळेच. दरबारात गाणारे एक म्हातारे बुवा होते, त्यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं आणि बारा वर्षं शिकवलं. पुढे ते जव्हारच्या शाळेत गायनमास्तर झाले. आमच्या लग्नात वऱ्हाडी जेवायचे सोडून नवऱ्याचं गाणं ऐकत बसले होते.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मास्तरांना ताप आला. घसा सुजला. दोन महिने अंथरुणात गेले. ताप उतरला, पण आवाज आला नाही. बोलू लागले की सुपात तूस पाखडल्यासारखा कोरडा खसखस आवाज यायचा, तोही अगदी जवळ बसलं तर ऐकू येई. संस्थानचे डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "मास्तर, खोटी आशा दाखवत नाही. गाणं आता विसरा." दरबारातून निरोप आला की जंगल खात्यात कारकुनी देतो. भलेपणानेच दिलेला निरोप होता तो. मास्तरांनी हात जोडले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

ते जेवेनात, तेव्हा मी त्यांना दाभोशाला माझ्या माहेरी घेऊन गेले. आवणीचे, भातलावणीचे दिवस होते. तुम्हाला सांगायला नको, आवणीत घरात बसणाऱ्या जावयाला कुणी जावई म्हणत नाही. बाहासने, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांच्या डोक्यावर इरलं ठेवलं आणि हातात रोपांची जुडी दिली. माझी आयस बायकांच्या ओळीत पुढे होती. ती एक ओळ गायची, बाकीच्या मागून म्हणायच्या आणि रोपं त्या चालीवर चिखलात जायची.

त्या वर्षी शेजारच्या घरात नवी सून आली होती. तिचा सूर लागेना. ओळीतल्या बायका हसू लागल्या. आयस आपली जागा सोडून त्या सुनेच्या शेजारी जाऊन वाकली. लांब ओळ सोडून दोन-दोन शब्दांचंच म्हणू लागली. सुनेच्या पलीकडे तिने सगळ्यांत खणखणीत गळ्याची बाई आणून उभी केली. दुपारपर्यंत ती पोर सुरात गात होती, आणि आपण चुकत होतो हे तिला कधी कळलंच नाही.

मास्तर बांधावर येऊन बसले. पाय चिखलाने माखलेले. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "तुझ्या आयसला शिकवायचं कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "गाणं तिच्या आयसने शिकवलं."

"गाणं नाही. शिकवणं."

मला फरक कळला नाही. त्यांना कळला होता. त्या दिवशी ते पोटभर जेवले. पुढचा महिनाभर ते रोज आयसच्या ओळीत राहिले आणि संध्याकाळी शाळेच्या वहीत काहीबाही लिहीत बसले. मला म्हणाले, "बुवांनी मला बारा वर्षं गाणं दिलं. पण माझ्याबरोबरच्या तीन मुलांना त्यांनी गळा नाही म्हणून घरी पाठवलं. मीही शाळेत तेच करत आलो. तुझी आयस कुणाला घरी पाठवत नाही."

हेडमास्तरांचे एक स्नेही बडोद्याला होते. त्यांच्याकडून कळलं की तिथल्या एका खासगी शिक्षकशाळेला, म्हणजे जिथे शिक्षक तयार होतात अशा शाळेला, गायन शिकवणारा माणूस हवा आहे. हेडमास्तरांनी शिफारसपत्र दिलं. पत्रात त्यांनी मास्तरांच्या शिकवण्याबद्दल पानभर लिहिलं आणि आवाजाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. म्हणून ती बैलगाडी, म्हणून ते निघणं. आम्हा दोघांनाही माहीत होतं की बडोद्याहून परत पाठवलं तर परत यायला जंगल खात्याखेरीज काही नाही.

मुलाखतीला मी बाहेर ओसरीवर, दाराला लागूनच बसले होते. दार उघडं होतं. टेबलामागे तिघे जण. मधल्या साहेबांनी गाऊन दाखवा म्हटलं. मास्तर पुढे झाले आणि आपल्या त्या खसखस आवाजात म्हणाले, "मला गाता येत नाही."

तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. एक जण पत्र उलटंसुलटं करून वाचू लागला. साहेब म्हणाले, "मग आपण आलात कशासाठी?"

"शिकवायला. ज्यांना गाता येत नाही अशी पाच माणसं बोलवा."

साहेबांना गंमत वाटली असावी. दोन शिपाई आले, माळी आला, पहारेकरी आला आणि एक चष्मेवाले कारकून आले. मास्तरांनी पेटीवर सूर धरला. कुणी तोंड उघडेना. दुसऱ्यांदा धरला. शिपाई जमिनीकडे बघत राहिले. मला बाहेरून मास्तरांचा मानेमागचा घाम दिसत होता. मग ते दाराशी आले आणि म्हणाले, "जिवली, आत ये. आवणीचं म्हण."

परक्या पुरुषांपुढे मी कधी बोललेही नव्हते. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गेले. पदर डोक्यावरून ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "बांधावर बगळा बसला गं, त्याला भात कुनी पेरला." कामाचं गाणं ऐकल्यावर आधी माळी मागून म्हणाला. मग पहारेकरी. कारकुनांचा सूर भलतीकडेच जात होता. मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून माळी आणि मी यांच्या मधे आणलं, स्वतः त्यांना लागून उभे राहिले आणि मला बोटांनी दाखवलं, दोनच शब्द. बांधावर बगळा. बांधावर बगळा. दोन शब्दांचे तीन झाले, तिनाचे पाच. अर्ध्या तासाने कारकून सबंध ओळ सुरात म्हणत होते. थांबल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लहानपणी मला गाण्याच्या तासाला वर्गाबाहेर बसवायचे."

साहेबांनी विचारलं, "ही पद्धत आपण कुठे शिकलात?"

"दाभोशाला."

"ते कोणतं कॉलेज?"

"शेत आहे, साहेब."

जागा मिळाली. एक वर्षाच्या बोलीवर, आणि वर्गात गळा माझा राहील या अटीवर.

बडोद्याचं पाणी मी पहिल्याच दिवशी चाखलं. गोडं होतं, पण तिथे डाळीतही गूळ घालत, ते पचायला मला वर्ष लागलं. भाजीला 'शाक' म्हणायचं, बाईला 'बेन' म्हणायचं, दार उघडं असलं तरी 'आवो' म्हटल्याशिवाय आत जायचं नाही, असं एकेक शिकत गेले. मी जिवलीची जीवीबेन झाले. नागलीचं पीठ संपलं तेव्हा मी रिकामं गाठोडं हुंगून पाहिलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वर्गात तीस जण, सगळे शिक्षक होणारे. मागच्या बाकावर दोन बायका, बाकी पुरुष. मी भिंतीकडे तोंड करून म्हणायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "मास्तरसाहेब, या 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. आम्ही काय तसं शिकवायचं?" वर्ग हसला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मास्तर त्याच्याजवळ गेले, कारण लांबून त्यांचं ऐकूच आलं नसतं, आणि म्हणाले, "उच्चार तुम्ही तिला शिकवा. सूर ती तुम्हाला शिकवील. कुणाचं आधी होतंय पाहू." त्याच विद्यार्थ्याने पुढे मला 'ण' शिकवला, महिनाभर रोज, फार आदराने. अजूनही घाईत माझा 'न' येतो.

पण वर्गाबाहेरची माणसं वर्गातल्यांसारखी नव्हती. आम्ही राहत होतो त्या घरात कुजबुज सुरू झाली. पुरुषांपुढे गाणारी बाई म्हणजे कोण, हे तुम्ही समजू शकता. एक दिवस घरमालकीण पाण्याच्या नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्याकडे गाणारणींना जागा देत नाहीत." मी भरलेली कळशी तिथेच ठेवून वर आले. दुसऱ्या दिवशी मास्तर निघाले तेव्हा मी उठले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, चल असंही म्हटलं नाही. एकटेच पेटी घेऊन गेले.

असे आठ-नऊ दिवस गेले. संध्याकाळी ते यायचे, तेव्हा दिवसभर ताण दिल्याने घशातली ती खसखसही उरलेली नसे. गरम पाणी पिऊन गप्प बसत. मी घरात त्यांना तूच म्हणत असे, आपल्याकडे म्हणतात तसं. मी विचारलं, "तू मला ये का म्हणत नाहीस?"

त्यांनी माझ्या हातावर बोटाने लिहिलं. 'बोलणी तू खाल्लीस. ठरवायचं तू.'

त्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या दोघी घरी आल्या. दोघींनाही पुढे मुलींच्या शाळेत शिकवायचं होतं. त्यातली थोरली, विधवा होती, म्हणाली, "बेन, पुरुष मास्तर पेटीवरून शिकतात. आम्हाला आमच्या पट्टीतला सूर कोण देणार? तुम्ही आला नाहीत तर आमच्या शाळेतल्या पोरी गायच्या राहतील." मी त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर वेणी घातली, आणि सकाळी मास्तरांच्या आधी दारात उभी राहिले. त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड केलं नाही. वर्गाकडे तोंड करून गायले. खोली आम्ही बदलली. नवी घरमालकीण रोज दारात बसून माझ्याकडून एक भजन शिकायची.

पुढची तीस वर्षं सांगायला बसले तर वही पुरणार नाही. मास्तरांनी आपली पद्धत हळूहळू मांडली. तिच्यात मोठाले शब्द नव्हते. कुठल्याही मुलाला बेसूर म्हणायचं नाही. गळा नाही म्हणून कुणाला बाहेर बसवायचं नाही. न येणाऱ्याला टोकायचं नाही, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. ओळ लहान करायची, मूल लहान करायचं नाही. विद्यार्थ्यांना ते गावोगाव पाठवत, सुट्टीत, दळणाऱ्या, कापणी करणाऱ्या, पोरं निजवणाऱ्या बायकांजवळ बसायला. म्हणत, "गाणं आणू नका. त्या नवख्या बाईला कसं ओळीत घेतात तेवढं बघून या." मोठमोठे गवई आधी हसले. नंतर तेच आपली मुलं त्यांच्याकडे पाठवू लागले.

एकदा ते बारा विद्यार्थ्यांना घेऊन दाभोशाला आले. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. पांढऱ्या कपड्यांतले ते शिक्षक गुडघाभर चिखलात उभे, आणि त्यांच्यापुढे माझी आयस, वाकून पार धनुकली झालेली. तिने त्यांना दिवसभर आवणी करायला लावली, गायला लावलं. जवळच्या धबधब्याच्या आवाजात त्यांचे आवाज बुडत होते, तेव्हा ती म्हणाली, "पोटातून काढा, नदीला हरू नका." संध्याकाळी मास्तरांना विचारलं, "धर्मा, एवढे शिकलेले मानस एवढ्या लांबून एवढाच शिकायला आले?"

मास्तरांनी विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं, सगळ्यांदेखत चिखलातच तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "या माझ्या दुसऱ्या गुरू." आवाज नव्हता, पण तेव्हा सगळं शेत चिडीचूप होतं. सगळ्यांना ऐकू गेलं. आयस घाबरून मागे सरकली. तिला वाटलं जावई पडला.

संस्थानं विलीन झाली, बडोद्यात विद्यापीठ झालं. शाळांसाठी गायनशिक्षक तयार करायचा अभ्यासक्रम निघाला आणि मास्तरांना प्राध्यापक म्हणून बोलावणं आलं. केस पिकलेले होते. पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीच्या दारावर नावाची पाटी लागली, ती त्यांनी वाचली आणि मला म्हणाले, "दोघांचं नाव लिहायला सांगतो." मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पाटीवर नाही जमलं, तर अभ्यासक्रमाच्या कागदावर 'गायन-प्रात्यक्षिक : श्रीमती जीवीबेन' असं छापून घेतलं. एकही परीक्षा न दिलेल्या बाईचं नाव विद्यापीठाच्या कागदावर. तो कागद मी दाभोशाला भावाकडे पाठवला होता.

मास्तर गेले त्याला आता तीन वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यापर्यंत वर्ग घेत होते. आवाज गेल्याबद्दल त्यांनी कधी हळहळ केली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दसऱ्याला ते अबोल होत. एकदा म्हणाले होते, "माझा गळा राहिला असता तर मी एकटा गात बसलो असतो." एवढं बोलून उठून गेले. ते सुखाने म्हणाले की दुःखाने, मला विचारायचा धीर झाला नाही.

मास्तर गेल्यावर भाऊ न्यायला आला. "आता तिथं तुझं कोण हाय? चल," म्हणाला. मी गेले. परत येणार नाही असं मनाशी ठरवून गेले. भावाने घराला लागून माझ्यासाठी कुडाची नवी खोली बांधली होती. शेणाने सारवलेली, छान. मी त्यांच्यात खळ्यावर गेले, भात झोडलं. बोलताना मधेच 'हा, चालशे' असं गुजराती बोलून जायची आणि भाचरं हसायची. सगळ्यांनी फार माया केली. पण रोज पहिलं ताट माझं. भावजय सगळ्यांच्या आधी मला वाढायची, उसनं आणून तांदळाची भाकर करायची, आणि घरचे नागलीची खायचे. मी नागलीची मागितली तर म्हणाली, "तुम्हाला नाही सोसायची आता." उंबरठ्यावर बसून मी ती पांढरी भाकर खाल्ली. तेव्हा कळलं की मी पाहुणी झाले आहे. यात कुणाचा दोष नाही.

दीड महिन्याने बडोद्याला आले, सामान न्यायला म्हणून. स्टेशनवरून थेट वर्गाकडे गेले. वर्गात पंधरा मुली बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जीवीबेन, केटला मोडा! किती उशीर! परीक्षा महिन्यावर आली. आम्ही काय करायचं?" दुसरी पत्र का लिहिलं नाही म्हणून फुरंगटली. मी तशीच, प्रवासाच्या कपड्यांत, सतरंजीवर बसले आणि सूर लावला. पाहुण्यावर कुणी असं रागावत नाही.

मी बडोद्यालाच राहिले आहे. पण दाभोशाची ती खोली मोडू नका असं भावाला कळवलं आहे. तुमच्यातही माझी जागा मला हवी आहे, नुसती मायेची नाही. या वेळी आवणीला येईन. उशीर झाला तर बांधावरूनच रागवा. ताट सगळ्यांबरोबर वाढा, आणि भाकर नागलीची द्या.